सॉफ्टवेअरमधील सर्टिफिकेशन आणि नोकरीचा शोध : परीक्षा द्याव्यात की अर्ज करत राहावे?

चाचणीकार (धागाकर्ता)

मी अनेक वर्षे मॅन्युअल टेस्टिंगमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअर स्वतः हाताळून तपासण्याचे, काम केले आहे. ज्या प्रकल्पावर होतो तो ग्राहकाने बंद केला आणि कंपनीत दुसरीकडे जागा निघाली नाही, त्यामुळे सध्या पूर्णवेळ नोकरीच्या शोधात आहे. अर्ज बरेच केले. बहुतेकांचे उत्तरच आले नाही, आणि ज्यांनी मुलाखतीला बोलावले त्यांच्याकडून ‘ऑटोमेशन (कोड लिहून आपोआप चालणाऱ्या चाचण्या) किती केले आहे?’ हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांतच आला.

टेस्टिंगची प्रमाणपत्रे देणाऱ्या आयएसटीक्यूबी या संस्थेची फाउंडेशन परीक्षा मी नोकरीच्या सुरुवातीलाच उत्तीर्ण झालो होतो. आता हाताशी वेळ आहे, तर आणखी एखादे सर्टिफिकेशन करावे असे वाटते. डोळ्यांसमोर चार पर्याय आहेत : एडब्ल्यूएसचे (अॅमेझॉनच्या क्लाउडचे, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मिळणाऱ्या संगणक-सेवेचे) सोल्युशन्स आर्किटेक्ट असोसिएट, मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडचे अझ्युर फंडामेंटल्स, स्क्रम मास्टर (स्क्रम या पद्धतीने काम करणाऱ्या टीमचा मार्गदर्शक) आणि आयएसटीक्यूबीचेच टेस्ट ऑटोमेशन इंजिनिअर. ज्या क्लासला विचारावे तो आपण शिकवतो तेच प्रमाणपत्र बाजारात चालते असे सांगतो, म्हणून येथे विचारत आहे. यांतील कोणत्या प्रमाणपत्रामुळे नोकरी मिळण्याची शक्यता खरोखर वाढते? आणि परीक्षेच्या तयारीत दोन-तीन महिने घालवण्यापेक्षा तेवढ्या काळात अर्जच करत राहणे शहाणपणाचे आहे का?

स्वल्पविराम

मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसते, म्हणजे रेझ्युमेंची छाननी आणि तांत्रिक मुलाखतीची पहिली फेरी या दोन्ही कामांत माझा सहभाग असतो. तेथून जे दिसते ते लिहिते.

चार पर्यायांची तुलना करण्याआधी ते प्रमाणपत्र नेमके कोण वाचणार आहे, याचा विचार करावा. पहिला वाचक रिक्रूटर. त्याच्यापुढे अर्जांचा ढीग असतो आणि त्यात तो शब्द टाकून शोध घेतो. जाहिरातीत ‘एडब्ल्यूएस सर्टिफाइड असल्यास प्राधान्य’ असे असेल तर तो तेच शब्द टाकतो आणि ज्यांच्या रेझ्युमेत ते आहेत त्यांचे अर्ज आधी उघडले जातात. येथे प्रमाणपत्राचा उपयोग होतो, आणि त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही.

दुसरी वाचक मी. प्रमाणपत्र पाहून मी गुण देत नाही, प्रश्न ठरवते. रेझ्युमेत सोल्युशन्स आर्किटेक्ट दिसले की मी विचारते, ‘एस-थ्रीच्या (एडब्ल्यूएसच्या फाइल-साठवणीच्या) बकेटमधली फाइल एकाच सर्व्हिसला वाचता यावी आणि बाकी कोणालाही वाचता येऊ नये, यासाठी काय कराल?’ ज्याने हे प्रत्यक्ष केले आहे तो आयएएम रोल (कोणाला काय करता येईल ते ठरवणारी भूमिका), बकेट पॉलिसी, परवानगी नाकारली गेली तेव्हा कोणता लॉग उघडला, अशा क्रमाने बोलू लागतो. ज्याने नुसते प्रश्नसंच सोडवले आहेत तो चार पर्याय समोर येण्याची वाट पाहत थांबतो. हा फरक लपत नाही.

तिसरा वाचक पुष्कळांच्या ध्यानातच येत नाही, तो म्हणजे कंपनीचा भागीदारी सांभाळणारा विभाग. एडब्ल्यूएसच्या भागीदार कंपन्यांच्या सिलेक्ट, अॅडव्हान्स्ड आणि प्रीमियर अशा पायऱ्या आहेत आणि वरच्या पायरीसाठी कंपनीत ठरावीक संख्येने प्रमाणपत्रधारक असावे लागतात. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२२मध्ये जुन्या सिल्व्हर-गोल्ड दर्जांच्या जागी ‘सोल्युशन्स पार्टनर’ ही पद्धत आणली. त्यात कंपनीला १००पैकी किमान ७० गुण मिळवावे लागतात आणि त्या गुणांतला एक भाग कर्मचाऱ्यांच्या प्रमाणपत्रांवर अवलंबून असतो. त्यामुळे इतरांसाठी क्लाउडची कामे करणाऱ्या सर्व्हिस कंपनीला प्रमाणपत्रधारकांची डोकी मोजावीच लागतात. स्वतःचे उत्पादन विकणाऱ्या कंपनीला ही मोजदाद करावी लागत नाही, आणि तेथे तेच प्रमाणपत्र रेझ्युमेतली एक ओळ होऊन राहते.

चौथा वाचक ग्राहक. काही करारांत ‘प्रकल्पावर इतके प्रमाणित इंजिनिअर असतील’ अशी अट असते, एवढेच.

तेव्हा माझी सूचना अशी आहे की, तुम्हाला हव्या असलेल्या पदाच्या ताज्या तीस-चाळीस जाहिराती पूर्ण मजकुरासह वाचा आणि प्रत्येकीत प्रमाणपत्राविषयी काय म्हटले आहे याचे तीन रकाने करा : अनिवार्य, असल्यास प्राधान्य, उल्लेख नाही. त्याच जाहिरातींत कोणती साधने वारंवार येतात तेही टिपा. एका दिवसाचे काम आहे आणि त्यातून मिळणारे उत्तर कोणत्याही क्लासच्या माहितीपत्रकापेक्षा भरवशाचे असेल.

जुनाखांब

वरील विवेचन पटते, परंतु या उद्योगाची थोडी वंशावळही पाहावी असे मला वाटते. विक्रेत्यांची प्रमाणपत्रे ही मुळात विक्रीची सोय आहे. आपले उत्पादन चालवू शकणारी माणसे बाजारात मुबलक असली की ग्राहक ते उत्पादन निर्धास्तपणे घेतो, हे नॉवेल कंपनीने आपल्या नेटवेअर या नेटवर्क-प्रणालीच्या काळात ओळखले आणि पुढे मायक्रोसॉफ्ट, सिस्को, सन, ओरॅकल सर्वांनीच तो कित्ता गिरवला. १९९०च्या दशकाच्या अखेरीस एमसीएसई (मायक्रोसॉफ्टचे सर्व्हर सांभाळण्याचे प्रमाणपत्र) करणाऱ्यांची अशी लाट आली की ‘पेपर एमसीएसई’ ही शिवीच रूढ झाली, म्हणजे ज्याच्याकडे कागद आहे पण ज्याने सर्व्हर कधी हाताळलेला नाही असा माणूस. त्याच काळात सिस्कोची नेटवर्किंगची परीक्षा सीसीआयई मात्र आपला मान टिकवून राहिली, कारण १९९३पासून चालत आलेल्या त्या परीक्षेत, त्या काळी दोन दिवस आणि आता आठ तास, प्रत्यक्ष नेटवर्क उभारून आणि बिघाड शोधून दाखवावे लागते.

दुसरी गोष्ट मुदतीची. कॉम्पटिया या संस्थेची ए-प्लससारखी प्रमाणपत्रे २०११पूर्वी आजन्म वैध असत, त्यानंतर ती तीन वर्षांची झाली. मायक्रोसॉफ्टने एमसीएसए, एमसीएसडी आणि एमसीएसई ही सगळी कुटुंबेच ३१ जानेवारी २०२१ रोजी निवृत्त केली आणि भूमिकांवर आधारलेली नवी प्रमाणपत्रे पुढे ठेवली, ज्यांतील बहुतेकांची मुदत आता एकच वर्ष आहे. तंत्रज्ञान बदलते म्हणून मुदत हवी, हे कारण खोटे नाही. पण नूतनीकरणातून पुन्हा शुल्क मिळते, हेही तितकेच खरे आहे, आणि उमेदवाराने दोन्ही लक्षात ठेवावे. मायक्रोसॉफ्टचा या बाबतीत अपवाद करावा लागेल : त्यांचे नूतनीकरण विनामूल्य आहे, मुदत संपण्याआधी सहा महिने ते खुले होते आणि घरबसल्या करता येते.

माझे मत विचाराल तर, नोकरी शोधणाऱ्याने परीक्षेवर वेळ घालवणे हा बहुतेकदा अर्ज करण्याच्या कंटाळ्यापासून केलेला सन्माननीय पळ असतो. अभ्यास करताना आपण काहीतरी करत आहोत असे वाटते आणि नकारही येत नाही.

रात्रपाळी

जुनाखांब यांचे शेवटचे वाक्य ज्यांच्यापाशी आधीच नामांकित कंपनीचा किंवा संस्थेचा शिक्का आहे त्यांना लागू पडत असेल. माझी पदवी संगणकशास्त्राची नाही आणि मी सपोर्टच्या रात्रपाळीतून क्लाउडच्या कामात आलो. माझ्या रेझ्युमेत आधी असे काहीही नव्हते की ज्यामुळे एखाद्या अनोळखी माणसाने मला अर्धा तास द्यावा. असोसिएट पातळीचे प्रमाणपत्र मिळाल्यावर तेच रिक्रूटर परत फोन करू लागले. नोकरी मला प्रमाणपत्राने दिली नाही, परंतु मुलाखतीची खुर्ची दिली, आणि ती दुसऱ्या मार्गाने मिळाली असती असे मला वाटत नाही.

अर्थशास्त्रात याला नीट मांडलेला आधार आहे. मायकेल स्पेन्स यांनी १९७३मध्ये नोकरीच्या बाजारातील संकेतांविषयी लिहिले, आणि माहितीच्या असमतोलावरील कामासाठी २००१मध्ये त्यांना अॅकरलॉफ आणि स्टिग्लिट्झ यांच्यासह नोबेल मिळाले. मालकाला उमेदवाराची कुवत दिसत नाही, म्हणून तो दिसणाऱ्या खुणांवर जातो. ज्याच्याकडे एकही खूण नाही त्याच्या दृष्टीने पहिल्या खुणेची किंमत फार मोठी असते, आणि ज्याच्याकडे पाच आहेत त्याला सहावीने काहीच मिळत नाही. ‘सर्टिफिकेशनचा उपयोग होतो का’ या प्रश्नावर दोन अनुभवी माणसे परस्परविरोधी उत्तरे देतात आणि दोन्ही खरी असतात, ती यामुळे.

स्वल्पविराम

स्पेन्स यांच्या मांडणीतली एक अट येथे महत्त्वाची आहे. ती खूण मिळवणे कुवत असलेल्याला तुलनेने सोपे आणि नसलेल्याला अवघड असले पाहिजे, तरच ती मालकाला काही सांगते. ज्या परीक्षेचे प्रश्न डम्पच्या, म्हणजे फुटलेल्या प्रश्नांच्या संचाच्या, रूपाने विकत मिळतात तिथे ही अट मोडते, कारण पाठांतर दोघांनाही सारखेच सोपे असते.

डम्पविषयी येथे स्पष्ट लिहिलेले बरे. परीक्षेला बसताना आपण गोपनीयतेचा करार स्वीकारतो. खऱ्या परीक्षेतील प्रश्न मिळवणे किंवा पसरवणे हा त्याचा भंग असून, त्यापायी निकाल रद्द होऊ शकतो, आधीची प्रमाणपत्रे काढून घेतली जाऊ शकतात आणि पुढील परीक्षांना बंदीही येऊ शकते. ‘सरावप्रश्न’ आणि ‘डम्प’ यांच्यातील फरक ओळखायला अवघड नाही : जे संकेतस्थळ ‘परीक्षेत हेच प्रश्न येतील’ अशी हमी देते ते डम्प विकत आहे. चांगल्या सरावसंचात प्रत्येक चुकीचा पर्याय चुकीचा का आहे, हे समजावून दिलेले असते.

टर्मिनल

या चर्चेत सगळ्या परीक्षा एकाच मापाने मोजल्या जात आहेत, ते मला खटकते. बहुपर्यायी परीक्षा आणि हाताने काम करून दाखवण्याची परीक्षा या दोन वेगळ्या जाती आहेत.

एडब्ल्यूएस सोल्युशन्स आर्किटेक्ट असोसिएटमध्ये १३० मिनिटांत ६५ प्रश्न असतात. त्यांतील १५ प्रश्नांचे गुण धरलेच जात नाहीत, ते पुढील परीक्षांसाठी तपासून पाहिले जात असतात, आणि ते कोणते हे आपल्याला कळत नाही. १,०००पैकी ७२० गुणांना उत्तीर्ण. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न मोकळा सोडू नये. प्रश्न बरे असतात. ‘सर्वांत कमी खर्चात’ आणि ‘सर्वांत कमी देखभालीत’ या दोन शब्दप्रयोगांनी एकाच परिस्थितीचे उत्तर कसे बदलते हे नीट वाचणाऱ्यालाच सापडते. तरीही, एकदाही कन्सोल (एडब्ल्यूएसचे नियंत्रण-पान) न उघडता ती परीक्षा उत्तीर्ण होता येते.

आता रेड हॅट या लिनक्स कंपनीची आरएचसीएसए ही परीक्षा पाहा. समोर प्रत्यक्ष लिनक्स यंत्रे असतात, इंटरनेट नसते, प्रणालीसोबत येणारी मॅन पेजेस, म्हणजे आज्ञांची मदतपाने, तेवढी असतात. डिस्कचे विभाजन करा, फाइल सिस्टिम जोडा, सर्व्हिस चालू करा, असे सांगितले जाते. तपासणीपूर्वी यंत्र रीबूट होते. नवे विभाजन माउंट केले, सगळे व्यवस्थित दिसले, पण ‘एफएसटॅब’मध्ये (यंत्र सुरू होताना काय जोडायचे त्याच्या यादीत) नोंद करायची राहिली, तर रीबूटनंतर ते काम केलेच नव्हते असे ठरते. त्याच फाइलमध्ये चुकीची ओळ लिहिली तर यंत्र उठतच नाही आणि इतर कामांचे गुणही त्यासोबत बुडतात. असा नियम डम्पला दाद देत नाही. तो रोजच्या कामाचाच नियम आहे.

कुबरनेटीसची (अनेक सर्व्हरवर अॅप्लिकेशन चालवणाऱ्या प्रणालीची) सीकेए ही त्याच जातीची आहे : दोन तास, टर्मिनलवर कामे, उत्तीर्णतेसाठी ६६ टक्के. अधिकृत दस्तऐवज उघडून पाहायची मुभा असते, पण ज्याला त्यात कुठे काय आहे हे ठाऊक नाही त्याला ती मुभा पुरत नाही. एका शुल्कात एक पुनर्परीक्षा समाविष्ट असते. १ एप्रिल २०२४पासून तिची मुदत तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली आहे.

मला रेझ्युमेत या दोहोंपैकी काही दिसले तर मी मुलाखतीत पायाभूत प्रश्न वगळून थेट पुढच्या प्रश्नांना हात घालतो. फंडामेंटल्स पातळीच्या प्रमाणपत्राने माझ्या मुलाखतीत काहीही बदलत नाही, हे धागाकर्त्यांनी नोंदवून ठेवावे.

नवशिकी

मी अजून शिकत आहे आणि माझ्याकडे अनुभव शून्य आहे. टर्मिनल यांच्या म्हणण्यानुसार फंडामेंटल्सला किंमत नसेल, तर आमच्यासारख्यांनी काय करावे?

टर्मिनल

अनुभव नसलेल्यासाठी माझे उत्तर थोडे वेगळे आहे. एडब्ल्यूएसचे क्लाउड प्रॅक्टिशनर किंवा अझ्युर फंडामेंटल्स यांचा उपयोग शब्दसंग्रहापुरता होतो : रीजन म्हणजे काय, सामायिक जबाबदारीचे तत्त्व काय, बिल कशावर येते. सवलतीत किंवा विनाशुल्क परीक्षा देण्याची संधी मिळाली तर द्यावी. पदरचे पैसे घालणार असाल तर ते एका असोसिएट पातळीच्या परीक्षेसाठी राखून ठेवा आणि तोवर स्वतः काहीतरी बांधा. तीन-चार फंडामेंटल्सची रांग लावलेला रेझ्युमे पाहिला की या व्यक्तीला दिशा सापडलेली नाही, अशी शंका येते.

कुंपणावर

स्क्रम मास्टरविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. या एका नावाखाली दोन निरनिराळी प्रमाणपत्रे आहेत. स्क्रम अलायन्सच्या सीएसएमसाठी मान्यताप्राप्त प्रशिक्षकाचे प्रशिक्षण सक्तीचे आहे आणि दर दोन वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. स्क्रम डॉट ऑर्गच्या पीएसएम-वनसाठी प्रशिक्षणाची सक्ती नाही. ६० मिनिटांत ८० प्रश्न, उत्तीर्णतेसाठी ८५ टक्के, आणि प्रमाणपत्राला मुदत नाही. जाहिरातींत बहुधा दोहोंपैकी कोणतेही चालते. मात्र अनेक संस्थांनी स्क्रम मास्टर हे वेगळे पद ठेवण्याऐवजी ते काम टीम लीडवर सोपवले आहे, तेव्हा टेस्टिंगमधून केवळ या कागदाच्या बळावर त्या पदावर जाण्याची आशा मी धरणार नाही.

काही प्रमाणपत्रे अशीही आहेत की जी अनुभवाचा पुरावा मागतात आणि म्हणूनच त्यांना वजन आहे. प्रकल्प व्यवस्थापनाचे पीएमपी १९८४पासून आहे. पदवीधराला प्रकल्प चालवल्याचा ३६ महिन्यांचा अनुभव आणि ३५ तासांचे प्रशिक्षण दाखवावे लागते आणि ते टिकवण्यासाठी दर तीन वर्षांत ६० पीडीयू (पुढील शिक्षणाचे गुण) जमवावे लागतात. माहिती-सुरक्षेच्या सीआयएसएसपीला त्या विषयाच्या आठ क्षेत्रांपैकी किमान दोहोंत मिळून पाच वर्षांचा अनुभव लागतो, पदवीमुळे त्यात एका वर्षाची सूट मिळू शकते, आणि एका विद्यमान सदस्याने तुमच्या अनुभवाला दुजोरा द्यावा लागतो. अनुभव अपुरा असताना परीक्षा उत्तीर्ण झालात तर ‘असोसिएट’ म्हणून राहून सहा वर्षांत तो पूर्ण करता येतो. अशा परीक्षा आधीच घडलेल्या कारकिर्दीवर शिक्का मारतात. नव्या क्षेत्रात शिरण्याची वाट म्हणून त्यांचा फारसा उपयोग नाही.

चाचणीकार

सर्वांचे आभार. स्वल्पविराम यांनी सुचवल्याप्रमाणे टेस्टिंगच्या चाळीस जाहिराती वाचून काढल्या आणि तक्ता केला. क्लाउडचे प्रमाणपत्र अनिवार्य असे एकाही जाहिरातीत नव्हते. आयएसटीक्यूबी ‘असल्यास प्राधान्य’ या रकान्यात बऱ्याच ठिकाणी होते, परंतु त्यांतील जवळजवळ सगळ्यांनी फक्त फाउंडेशन म्हटले आहे, जे माझ्याकडे आहे. याउलट प्लेराइट किंवा सेलेनियम (ब्राउझर आपोआप चालवून तपासणारी साधने), एपीआय टेस्टिंग (प्रोग्रामांमधील परस्पर-संवादाची तपासणी), गिट (कोडमधील बदलांची नोंद ठेवणारे साधन) आणि एखादी सीआय पाइपलाइन (कोड बदलताच चाचण्या आपोआप चालवणारी व्यवस्था) या चार गोष्टी बहुतेक जाहिरातींत ‘अनिवार्य’खाली आहेत. चारांपैकी तीन गोष्टींचा मला वाचून परिचय आहे, हाताने केलेले काम नाही.

म्हणजे प्रमाणपत्राचा प्रश्न बाजूला पडून हे चार विषय उभे राहिले. त्यांचा ‘अनुभव’ नोकरी नसताना कसा दाखवावा? टेस्ट ऑटोमेशन इंजिनिअरचे प्रमाणपत्र त्यासाठी चालेल का?

टर्मिनल

त्या प्रमाणपत्राचा अभ्यासक्रम वाईट नाही. ऑटोमेशनची रचना, साधनांची निवड, देखभाल, अहवाल यांविषयी तो विचार करायला लावतो, आणि फाउंडेशन ही त्याची पूर्वअट तुम्ही पूर्ण केलेलीच आहे. पण तो कोणत्याही एका साधनात हात बसवून देत नाही आणि तुमच्या तक्त्यात मागणी नेमकी तीच आहे. ते नोकरी लागल्यावर करा.

आत्ता एक सार्वजनिक रिपॉझिटरी, म्हणजे कोणालाही पाहता येणारा कोडचा साठा, तयार करा. सरावासाठी मोकळे ठेवलेले एखादे डेमो दुकान-संकेतस्थळ घ्या आणि लॉगिन, शोध, कार्ट, पैसे भरणे एवढ्यांवर प्लेराइटमध्ये मोजक्या चाचण्या लिहा. शंभर चाचण्या नकोत, पंधरा पुरेत. त्यांत पुढील गोष्टी दिसल्या पाहिजेत, कारण मी तरी रिपॉझिटरी उघडल्यावर आधी याच पाहतो : ठरावीक सेकंद थांबण्याची आज्ञा कुठेच नसावी, पानावरील घटक सापडेपर्यंत थांबणारी पद्धत वापरलेली असावी; लोकेटर (घटक शोधण्याच्या खुणा) लांबलचक एक्सपाथऐवजी (पानाच्या रचनेतील पत्त्याऐवजी) भूमिका आणि लेबल यांवर बेतलेले असावेत; प्रत्येक चाचणी स्वतःचा डेटा तयार करणारी असावी, म्हणजे क्रम बदलला तरी ती मोडणार नाही; आणि पासवर्ड कोडमध्ये लिहिलेला नसावा. मग गिटहब अॅक्शन्सवर पाइपलाइन लावा, जेणेकरून प्रत्येक कमिटनंतर (कोडमधील बदल नोंदवल्यावर) चाचण्या धावतील आणि अपयशी ठरलेल्या चाचणीचा ट्रेस (पायरीपायरीची नोंद) जपून ठेवला जाईल.

कधी उत्तीर्ण, कधी अनुत्तीर्ण होणारी एखादी फ्लेकी चाचणी तुम्हाला यात नक्की भेटेल. तिला पुन्हा चालवून गप्प बसवू नका. कारण शोधा आणि रीडमीमध्ये (रिपॉझिटरीच्या माहिती-फाइलमध्ये) चार ओळींत लिहा. ‘कार्टवरचा आकडा सर्व्हरचे उत्तर येण्याआधीच वाचला जात होता, म्हणून आकडा बदलण्याची अट घातली’ एवढी नोंद मुलाखतीतला दहा मिनिटांचा संवाद तुमच्या बाजूने वळवते. मॅन्युअल टेस्टिंगचा तुमचा अनुभव येथेच कामी येतो : नेमके काय तपासावे हे तुम्हाला कळते, आणि नुसते ऑटोमेशन शिकून आलेल्यांना पुष्कळदा तेच कळत नाही.

जुनाखांब

टर्मिनल यांच्याशी सहमत. एक भर घालतो. हे करताना अर्ज थांबवू नका. दिवसाचे दोन भाग करा, सकाळी कोड आणि दुपारी अर्ज. अर्जांतही संकेतस्थळावरच्या ‘एका क्लिकमध्ये अर्ज’ या सोयीपेक्षा जुन्या सहकाऱ्यांना वैयक्तिक संदेश लिहिण्याला अधिक वेळ द्या. ‘काही असेल तर सांगा’ असा संदेश लिहू नका, कारण त्यावर समोरच्याला काहीच करता येत नाही. त्यांच्या कंपनीतील विशिष्ट जागेचा दुवा, आपण तिला का योग्य आहोत याची दोन वाक्ये आणि रेझ्युमे एवढे पाठवले तर तो माणूस ते जसेच्या तसे पुढे सरकवू शकतो.

रात्रपाळी

सावधगिरीचा एक मुद्दा. नोकरी शोधणाऱ्यांना ‘तुमची निवड झाली आहे, फक्त अमुक प्रमाणपत्र आमच्या ठरलेल्या संस्थेतून पूर्ण करा, शुल्क रुजू झाल्यावर परत मिळेल’ असे फोन आणि ईमेल येतात. निवड झालेल्या उमेदवाराकडून पैसे मागणारा हा फसवणूक करणाराच समजावा. खऱ्या कंपनीला प्रमाणपत्र हवे असेल तर ती ते स्वतःच्या खर्चाने करून घेते किंवा जाहिरातीतच अट घालते. शंका आल्यास कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरील नोकऱ्यांच्या पानावर ती जागा आहे का ते पाहा, आणि ईमेलचा पत्ता कंपनीच्याच डोमेनचा आहे का तेही तपासा.

चाचणीकार

टर्मिनल यांनी सांगितल्याप्रमाणे रिपॉझिटरीला सुरुवात केली आहे आणि क्लाउडची परीक्षा तूर्त बाजूला ठेवली आहे. शेवटचे दोन प्रश्न. रेझ्युमेत प्रमाणपत्र नेमके कुठे आणि कसे लिहावे? आणि मुदत संपलेले प्रमाणपत्र ठेवावे की काढून टाकावे? माझ्याकडे एका जुन्या साधनाचे असे एक आहे.

स्वल्पविराम

अनुभव असलेल्या उमेदवाराने प्रमाणपत्रे कामाच्या अनुभवानंतर, शिक्षणाच्या शेजारी लिहावीत. नाव पूर्ण लिहा आणि त्यापुढे प्रचलित संक्षेप द्या, कारण रिक्रूटर दोहोंपैकी कशानेही शोध घेऊ शकतो. देणारी संस्था आणि मिळाल्याचा महिना-वर्ष लिहा. आयएसटीक्यूबी फाउंडेशनला मुदत नाही, तेव्हा ते निःशंकपणे लिहा. क्रेडलीसारख्या संकेतस्थळावर प्रमाणपत्राचा डिजिटल बॅज असेल तर त्याचा दुवा द्या. तेथे मिळाल्याची तारीख आणि मुदत असल्यास तीही दिसते, त्यामुळे पडताळणी एका क्लिकमध्ये होते. प्रमाणपत्राचे स्कॅन केलेले चित्र जोडू नका, ते कोणी उघडत नाही. बॅजची रंगीत चिन्हे रेझ्युमेच्या माथ्यावर लावण्याची पद्धतही टाळा. शोध घेणाऱ्या प्रणालीला चित्रातला मजकूर वाचता येईलच असे नाही.

मुदत संपलेल्या प्रमाणपत्राबाबत पाहण्याची गोष्ट अशी की, ते ज्या साधनाचे आहे ते तुमच्या तक्त्यातल्या जाहिरातींत येते का? येत असेल तर वैधतेची वर्षे लिहून ठेवा, म्हणजे ‘२०१९ ते २०२२’ अशी स्पष्ट नोंद असावी. नुसते मिळाल्याचे वर्ष लिहून मुदतीविषयी मौन पाळले आणि ते पडताळणीत उघड झाले, तर साधी गोष्ट लपवल्यासारखी दिसते. ते साधन जाहिरातींत कुठेच येत नसेल तर ओळ काढून टाका आणि त्या जागी रिपॉझिटरीचा दुवा द्या.